काडी तोंडात धरा

मी लातूरची. म्हणजे पोर बोलायला लागायच्या आधी त्याचं क्लासला नाव घालून ठेवणाऱ्या गावची. आमच्याकडं पाहुण्याला चहा नंतर, आधी त्याच्या पोराचे टक्के विचारतात. अशा ठिकाणी वाढून, गणितात एमएस्सी करून मी कंधारच्या एका खाजगी शाळेत लागले, तेव्हा माझी ठाम समजूत होती की शाळेत विषय दोनच, गणित आणि विज्ञान. बाकीचे तास पोरांना पाणी प्यायला सोडण्यासाठी ठेवलेले असतात.

पहिल्याच शनिवारी आठवीच्या वर्गावरून जात होते. आत डोकावले तर बाकं भिंतीला लावलेली, मधे पोत्यावर एक पन्नाशीचे गृहस्थ मांडी घालून बसलेले, आणि त्यांच्याभोवती चाळीस पोरंपोरी माना खाली घालून गप्प. माझ्या तासाला ज्यांना पाच मिनिटं जागेवर बसवताना माझा घसा बसायचा तीच ही पोरं. मला वाटलं कुणीतरी गेलं आणि शोकसभा चाललीय. जवळ जाऊन बघितलं तर सगळे सुईत दोरा ओवून राहिले होते.

हे आमचे शिवणाचे सर. वेळापत्रकात त्यांच्या विषयाचं नाव 'वस्त्रकला व हस्तशिलाई' असं भारदस्त होतं. प्रत्यक्षात शनिवारी दोन तास सातवीला आणि दोन आठवीला, एवढीच त्यांची नोकरी, तीही तासिकेवर. बाकीचे दिवस ते मुदखेडला घरी गोधड्या शिवायचे आणि शनिवारी पहाटेच्या एसटीनं कंधारला यायचे. स्टाफरूममध्ये त्यांना खुर्ची नव्हती. त्यांनी कधी मागितलीही नाही, कारण खुर्चीवर बसून शिवलं की टाका लंगडा पडतो असं त्यांचं मत होतं.

उजव्या हाताच्या मधल्या बोटात कायम पितळी अंगुस्तान, सुई ढकलायची टोपी. फळ्यावर लिहिताना, मस्टरवर सही करताना, पोहे खातानासुद्धा ते निघायचं नाही. एखादं पोर दातानं दोरा तोडायला गेलं की त्याच्या डोक्यावर त्या अंगुस्तानाची टिचकी बसायची. "दात भाकर खायाला दिलेत. कात्री कशाला हाय मग?" एवढं बोलून सर पुन्हा आपल्या कामाला लागायचे.

वस्त्रकला म्हटल्यावर मला वाटलं होतं मोर, कमळ, रुमालावर गुलाबाचं फूल. तसलं काही नव्हतं. पहिले सहा महिने ती पोरं फक्त फाटलेलं शिवायची. गणवेशाचे उसवलेले खिसे, दप्तराचे पट्टे, मोज्यांच्या टाचा. धावदोरा, तुरपाई, काज, एवढं हाताला बसल्याशिवाय नक्षीचं नाव काढायचं नाही. मी एकदा विचारलं, "सर, मुलांना काहीतरी नवीन बनवायला द्या की, प्रदर्शनात मांडता येईल."

"नवं कुनी बी घेतंय म्याडम," सर म्हणाले. "फाटल्यालं नीट करता आलं पायजे."

परीक्षाही तशीच. दुसऱ्याची वस्तू आणायची, शिवायची, आणि ज्याची त्याला परत द्यायची. तो माणूस काय म्हणाला ते येऊन सांगायचं, त्यावर मार्क. एका पोरानं काकूचं ब्लाउज शिवून दिलं, काकू म्हणाली आधी होतं तेच बरं होतं. सरांनी त्याला दहापैकी आठ दिले, खरं सांगितलं म्हणून. मी हे मार्क बेरजेला घेताना किती बेजार व्हायची ते माझं मला माहीत.

तांड्यावरच्या दोन पोरी होत्या वर्गात. त्यांच्या आज्यांच्या ओढण्यांवर आरसे बसवलेले असायचे. नक्षीचे दिवस आले की सर त्या पोरींना आपल्या पोत्यावर बसवायचे आणि स्वतः समोर खाली बसून आरसा कसा गुंतवायचा ते शिकायचे, वहीत लिहून घेऊन. मुख्याध्यापकांनी हे बघितलं आणि मला म्हणाले, "यांना आपण कशासाठी ठेवलंय मग?" मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं.

पालक यायचे ते वेगळेच. एका पोराचे बाप्पे, म्हणजे वडील, एकदा वर्गाच्या दारात उभे राहिले. "गुरुजी, पोराला डाक्टर करायचंय आमाला. तुमी त्याच्या हातात सुई देऊन राहिलाव."

"मग बरुबर हाय," सर मान वर न करता म्हणाले. "डाक्टर काय डिंकानं चिटकावतंय का?"

बाप्पे निघून गेले. पोरगं पुढं वर्षभर शिवणाला पहिल्या रांगेत होतं.

त्यांचा सगळ्यात मोठा छंद म्हणजे सुया मोजणे. एका पत्र्याच्या डब्यात चाळीस सुया. तास सुटायच्या आधी चाळीसच्या चाळीस डब्यात आल्या पाहिजेत, नाहीतर कुणी हलायचं नाही. एकदा तालुक्याहून तपासणीला आलेले साहेब त्यांच्या वर्गात येऊन बसले. तास संपला आणि डब्यात एकोणचाळीस. घंटा झाली, साहेब उठले. सर दारात आडवे उभे राहिले. "बसा साहेब. एक सुई बाकी हाय." मुख्याध्यापकांनी डोळ्यांनी, हातांनी, शेवटी तोंडानं सांगून बघितलं. सर खिशातून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढून फरशीवर फिरवायला लागले. साहेबांना बाकावर चढून उभं राहावं लागलं. सुई शेवटी साहेबांनी बाकावर टाकलेल्या दस्तीच्या, म्हणजे हातरुमालाच्या, घडीत सापडली.

"खिचडी खायाला पयलीची लेकरं इथंच फरशीवर बसत्यात साहेब," सरांनी एवढंच कारण दिलं आणि दार मोकळं केलं. साहेबांनी शेऱ्यात 'साहित्याची निगा उत्तम' असं लिहिलं. कंधारहून जाताना दस्ती मात्र दोनदा झटकली.

आता शालींबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथंच घडलं.

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना सत्काराची आवड होती. करून घ्यायची होतीच, पण करायचीही होती. शाळेत फौजदार आले, सत्कार. बँकेचे मॅनेजर आले, सत्कार. शिक्षकदिनाला आम्हा सगळ्यांचा सत्कार. प्रत्येक सत्काराला नारळ नवा आणि शाल जुनी. ऑफिसात एक लोखंडी कपाट होतं, त्यात चोवीस शाली. पाहुण्याच्या खांद्यावर शाल पडली, फोटो निघाला, की आमचा शिपाई मामा अलगद मागून यायचा, "द्या साहेब, सांभाळून ठेवतो" म्हणायचा आणि ती थेट कपाटात सांभाळली जायची. मोठे पाहुणे तर विसरूनच जायचे. आम्ही शिक्षक विसरायचं नाटक करायचो.

सारखी घडी करून आणि उलगडून शालींचे गोंडे सुटायला लागले. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की शिवणाचे सर आहेतच, पोरांकडून गोंडे बांधून घ्या. दर सत्कारानंतर शाल शनिवारी आठवीच्या वर्गात जायची आणि सोमवारी नीट होऊन कपाटात यायची. अध्यक्ष खूश होते. वस्त्रकलेचा शाळेला काहीतरी उपयोग झाला असं ते एका सभेत बोललेसुद्धा.

सरांनी आपल्या मनानं त्यात एक भर घातली होती आणि ती कुणाला माहीत नव्हती. दुरुस्तीला आलेल्या कापडावर ते पोरांना खूण घालायला लावायचे. आत, कोपऱ्यात, लाल दोऱ्याचा ज्वारीच्या दाण्याएवढा टाका. एकदा काम केलं, एक टाका. गोधडी दुरुस्तीला आली की आधीचे टाके मोजून कळतं किती वेळा शिवलीय, असा त्यांच्या घरचा जुना रिवाज. तोच नेम शालींना लागला. एक सत्कार, एक टाका.

त्या वर्षी माझा डोळा शनिवारवर होता. आठवीपासून मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षांचं फाउंडेशन सुरू केलं तर दहावीपर्यंत पोरं तयार होतात, हे मी लातूरचं बाळकडू घेऊन आलेली. मी रीतसर अर्ज दिला की शिवणाचे तास गणिताला मिळावेत. 'विद्यार्थिहित' हा शब्द त्यात तीन वेळा घातला. मुख्याध्यापक म्हणाले, "स्नेहसंमेलन होऊ द्या, अध्यक्ष ठरवतील." शनिवार गेला की सरांची नोकरी गेली, हे मला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. मी त्यावर विचार करायचं टाळलं, बस.

स्नेहसंमेलनाला नांदेडहून एक निवृत्त अधिकारी आले होते. भारदस्त माणूस, कमी बोलणारा. शाल द्यायला स्टेजवर आठवीतली कोमल. माझ्या गणितात ती पस्तीसच्या काठावर लटकलेली, शिवणात वर्गात पहिली. अध्यक्षांनी पाहुण्यांच्या खांद्यावर शाल घातली, टाळ्या झाल्या, फोटो झाला. मामा मागून निघालाच होता. एवढ्यात पाहुण्यांच्या हाताला शालीचा कोपरा लागला. त्यांनी तो उलटा करून चष्म्याजवळ नेला.

"ही बारीक नक्षी कुणी काढली?" त्यांनी माइकवरच विचारलं.

"नक्षी न्हाई सर," कोमल म्हणाली. "खूण हाय."

"कसली खूण?"

"एक सत्कार झाला की एक टाका. ह्या शालीचे अकरा झालेत. तुमचा बारावा हाय. शनवारी घालू."

मांडवात आधी कुणाला कळलंच नाही. मग मागच्या बाजूनं हसू सुरू झालं आणि पुढच्या सोफ्यांपर्यंत आलं. अध्यक्षांनी फोटोसाठी ठेवलेलं हसू तसंच ठेवलं होतं, ते काढायचं त्यांना सुचलं नाही. मुख्याध्यापक माझ्याकडं बघत होते, जणू मी गणितानं यातून काही वाट काढीन.

पाहुणे मात्र हसले, चांगले मोकळे. "शनिवार कशाला? मी इथं आहे, शाल इथं आहे. घाल आत्ताच."

कोमलनं कॉलर उलटी केली. तिथं लाल दोरा ओवलेली तिची घरची सुई टोचून ठेवलेली असायची. ती वाकली, आणि मांडवाच्या मागून आवाज आला, "थांब गं."

सर खुर्च्यांमधून वाट काढत पळत आले. मुख्याध्यापकांनी सुटकेचा श्वास टाकला. म्हणाले, देवासारखा आला माणूस. सर स्टेजवर चढले, सरस्वतीच्या फोटोपुढची विझलेली उदबत्ती उपसली, तिची काडी शर्टाला पुसली आणि पाहुण्यांच्या तोंडापुढं धरली.

"काडी तोंडात धरा साहेब. जित्या माणसाच्या अंगावर तसंच शिवत न्हाईत. मुडद्याचं शिवत्यात."

आणि त्या माणसानं, ज्यानं जिल्ह्यात कित्येकांना आपल्या केबिनबाहेर उभं केलं असेल, निमूट काडी दातांत धरली. कोमलनं बारावा टाका घातला, गाठ मारली, सरांनी कात्री पुढं केली. फोटोवाल्यानं तो फोटो काढला. अध्यक्ष त्यात पाहुण्यांच्या मागं उभे आहेत. पुढं आठवडाभर तालुक्यातल्या प्रत्येक मोबाईलवर तोच होता.

पाहुणे जाताना शाल अंगावर घेऊनच गाडीत बसले. मामा गाडीपर्यंत गेला, पण हात पुढं करायचं त्याचं धाडस झालं नाही.

सोमवारी अध्यक्षांचा हुकूम आला. उरलेल्या तेवीस शालींवरचे सगळे टाके शिवणाच्या सरांनी स्वतः उसवायचे. उसवले तर शनिवार त्यांचा. नाही तर शनिवार गणिताला. आणि हा निरोप घेऊन सरांकडं कुणी जायचं, तर मी. "म्याडम, तुमचं ऐकतील ते," मुख्याध्यापक म्हणाले. ज्याच्या ताटातला घास मला हवा होता त्यालाच जेवायला बसवायला मला पाठवलं.

शनिवारी सर वर्गात पोतं अंथरत होते. मी उभ्यानंच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाटातली एक शाल, जी गोंड्यांसाठी त्यांच्याकडंच होती, माझ्यापुढं धरली.

"म्याडम, पोरांना मी उसवायला लावतो ते चुकल्यावर. ह्यात कुठला टाका चुकलाय, दावा. मी उसवतो."

मी कोपरा बघितला. नऊ टाके, सगळे एकासारखे एक. मी शाल त्यांच्याकडं परत दिली.

"न्हाई ना? मग मी न्हाई उसवणार. खरं काम केल्यालं पोरांनी. पर त्यांना सांगा, इथून पुढं शालीला टाका घालणार न्हाई. शाली इकडं पाठवूच नका. मांडवात पोरगी बोलली त्याची माफी बी मी मागतो, माझी चूक हाय, तिची न्हाई. पोरांचा तास तेवढा राहू द्या." मग म्हणाले, "एवढं नीट सांगा म्याडम. तुमाला बोलाया येतंय. मला येत न्हाई."

मी ऑफिसात गेले. मुख्याध्यापक पेन हातात घेऊनच बसले होते.

"काय म्हणाले?"

"नाही उसवणार म्हणाले."

"आणखी काही?"

"नाही."

एवढंच. पोरांनी असं अर्धं उदाहरण सोडवून उत्तर लिहिलं असतं तर मी त्यांना उभं केलं असतं. इथं मला कुणी उभं केलं नाही. उलट पुढच्या शनिवारपासून दोन वर्ग मिळाले.

शेवटच्या दिवशी सर माझ्याकडं आले ते सुयांचा डबा घेऊन. मला वाटलं आता बोलतील, भांडतील. माझी तयारी होती, भांडणात मी पटाईत. ते म्हणाले, "शनवार आता तुमचा, तर डबा बी तुमच्या ताब्यात. चाळीस हायत, मोजून घ्या."

मी मोजल्या. चाळीस होत्या.

"तुमी सांगितलंच असंल नीट," सर म्हणाले. "त्यांनी न्हाई ऐकलं त्याला तुमी काय करनार."

मी डबा कपाटात ठेवला आणि म्हणाले, "हो ना, काय करणार." माझ्या आयुष्यातलं सगळ्यात हलकट वाक्य ते, आणि किती सहज आलं.

शालींचे टाके मग मामानं ब्लेडनं काढले. दोरा निघाला, भोकं राहिली.

माझं फाउंडेशन दोन वर्षं जोरात चाललं. पोरं सुटली की धावत घरी जायची, शिवणाला कशी घंटा झाल्यावरही बसून राहायची तसं कुणी बसलं नाही. खिसे फाटलेले तसेच दिसायला लागले. मी ते मुद्दाम बघायला लागले होते, हेही आलंच. मग लातूरच्या एका क्लासनं मला बोलावलं आणि मी निघाले. आता तिथंच आहे. मान आहे, खुर्चीही आहे, फिरती.

सर हल्ली विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजच्या समोर बसतात म्हणे, पोत्यावरच. पोरांच्या सॅकचे पट्टे, चेनी शिवून देतात. मी नांदेडला वर्षातून दोन-चार वेळा जाते. विष्णुपुरी रस्त्यातच आहे. एकदा माझ्याच बॅगेचा पट्टा उसवला होता. मी नवी बॅग घेतली.

आणि सरांचा तो अर्धा निरोप त्या दिवसापासून तसाच माझ्याकडं पडून आहे. का, ते माझ्या निरोपसमारंभात कळलं.

शाळा सोडताना शाळेनं माझा सत्कार केला. नारळ नवा. शाल खांद्यावर पडली तेव्हा मी सवयीनं कोपरा चाचपला. नऊ भोकं हाताला लागली. फोटो झाला, मामा मागून आला. "द्या म्याडम, सांभाळून..." मी त्याच्याकडं असं बघितलं की तो तसाच मागं फिरला.

स्टाफरूममध्ये आवराआवर करत होते तर कोमल आली. आता दहावीत, उंच झालेली. तिनं विचारलं, "म्याडम, सरांचा डबा तुमच्याकडंच हाय ना?" मी कपाटातून काढून दिला. तिनं आधी सुया मोजल्या. मग एक घेतली, कंपासपेटीतून लाल दोरा काढला आणि माझ्या खांद्यावरचा कोपरा उलटा केला.

"भोकं नऊ. तुमचा दहावा," ती म्हणाली. "थांबा, काडी पायजे." कोपऱ्यातल्या खराट्याची एक काडी तिनं मोडली, ओढणीला पुसली. "काडी तोंडात धरा म्याडम."

मी धरली. ती माझ्या इतक्या जवळ वाकली होती की तिचा श्वास गालाला लागत होता. टाका घालता घालता बोलत होती, मोठ्या माणसासारखी.

"सर लईच हट्टी होते, न्हाई का म्याडम? आमच्या घरी बी म्हणत्यात. थोडं नमतं घेतलं असतं, माफी मागितली असती, तर आमचा तास राहिला असता. मी तर ते गेल्यावर चार दिवस रडले. मला वाटायचं माझ्यामुळं झालं. मग वाटलं, त्यांनी बी जरा ऐकायला पायजे व्हतं की. तुमी तर त्यांना समजवायला गेला व्हतात ना?"

काडी काढून दोन वाक्यं बोलायची होती. त्या पोरीच्या डोक्यावरून दोन वर्षांचं ओझं उतरलं असतं, आणि सरांच्या नावावरचा हट्ट पुसला असता. पण शिवताना काडी काढायची नसते. मी मान हलवली. ती हो होती का नाही, तिनं तिला हवी तशी घेतली.

तिनं गाठ मारली आणि कात्रीनं दोरा कापला.

"झालं म्याडम," कोमल म्हणाली. "काढा आता काडी."

मी काढली नाही.